परीक्षेपुरतं बिऱ्हाड

२ डिसेंबर, सोमवार

शेपू करपला. शेपू करपवायला विशेष प्रतिभा लागते. ती माझ्यात आहे हे आता मान्य केलं पाहिजे. भाकरी कोपऱ्यावरच्या खानावळीतून आणली, जळका भाग वेचून बाजूला काढला, जेवलो.

उज्वलाला जाऊन दीड वर्ष झालं. — ‘जाऊन’ लिहिलं की भलताच अर्थ निघतो! लातूरला जाऊन. दीपमालाने दहावीनंतर लातूरच धरलं. नीटची परीक्षा द्यायची, डॉक्टर व्हायचं. आधी ती मैत्रिणींबरोबर रूम करून राहिली आणि आम्ही उदगीरहून सकाळच्या एसटीने डबा पाठवायचो. कंडक्टरमागे डब्यांची चळत, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. एके दिवशी आमचा डबा निलंग्याच्या कुण्या वीरेशने खाल्ला आणि वीरेशचा दीपमालाने. त्यात वांगं होतं. वांग्याने तिच्या अंगावर गांधी उठतात. दुसऱ्या दिवशी उज्वलाने बॅग भरली. ‘परीक्षेपुरतं जाते,’ म्हणाली. शब्द तिचेच. मी साक्षीदार आहे.

नवरा परगावी गेलेल्या बाईला आमच्या काव्यशास्त्रात छान नाव आहे — प्रोषितभर्तृका. तिच्यासाठी चांदणं, कोकीळ, सख्या, सगळी व्यवस्था. बायको परगावी गेलेल्या नवऱ्याची व्यवस्था कुणी केलेली नाही. त्याला कुकर!

३ डिसेंबर

नांदेडहून संपादकांचा फोन. निवडणुकीची धूळ बसली, आता पानं कशाने भरायची? ‘दयानंदराव, स्थलांतरावर पाच भाग करा. गावं का रिकामी व्हायलीत, लातूर-नांदेड का फुगायलेत. आणि अलंकार नकोत बरं का. अर्थकारण पाहिजे.’

संस्कृतात एम.ए. करून आयुष्यभर उदगीरच्या मोंढ्यातले तुरीचे भाव लिहिले. अर्थकारण याहून वेगळं काय असतं? हो म्हणालो.

८ डिसेंबर

पहिल्या भागासाठी गावी गेलो. थोरला भाऊ किशनरावदादा बांधावर उभा, तोंडात सुपारी. शेतात तूर कापणारी माणसं ओळखीची वाटेनात. बोलत होती तेलुगू. देगलूरच्या पलीकडून जीप भरून येतात म्हणे.

‘आणि आपल्या गावचे लोक?’

‘आपल्या गावचे लातुरात स्लॅब टाकून राहिलेत. तिथं रोजी जास्त, सावलीला बसाया मिळतं, संध्याकाळी चहा-भजे. मी तुरीत कुठून देऊ भजे?’

म्हणजे आमचं गाव लातूरच्या इमारती बांधतं, आणि आमची तूर कापायला दुसऱ्या राज्यातलं गाव रिकामं होतं. मग त्यांचं शेत कोण कापत असेल? ही साखळी कुठेतरी जाऊन संपत असणार. तिथल्या शेवटच्या माणसाला भेटलं पाहिजे. भत्ता मात्र तालुक्यापुरताच मिळतो.

निघताना दादा सहज म्हणाला, ‘उज्वला कवा येणार हाय?’

‘परीक्षा झाली की. मे महिन्यात.’

‘तिला इचारलास?’

‘त्यात विचारायचं काय?’

दादाने सुपारी थुंकली. तुरीकडे वळला. दादा बोलत नाही तेव्हा मला बरं वाटत नाही.

११ डिसेंबर

लातूर. दुसरा भाग. म्हणजे कामाला काम आणि घरच्या भाकरीला भाकरी, असा हिशोब केला होता.

तीन महिन्यांनी आलो. एकच जिना चढलो आणि चपलांतून वाट काढायची वेळ आली. इतक्या चपला मी लग्नघरीच पाहतो. आत दोन पंगती. पोरापोरींचं जेवण चाललेलं, निम्म्यांच्या ताटाशेजारी उघडी पुस्तकं. एक मुलगी मला ताट देत म्हणाली, ‘काका, नवीन का? कुणाचे पालक?’

‘दीपमालाचा बाप.’

‘अय्या! काकूंचे मिस्टर!’ — आणि सगळी पंगत वर बघायला लागली. मी आहे, हे बहुधा त्यांना आजच कळलं.

सुरुवात दीपमालाच्या दोन मैत्रिणींपासून झाली, हे मला ठाऊक होतं. दोनाचं हे एवढं कधी झालं? उज्वला फोनवर सांगत असे, ‘आज पाच जण वाढले’ वगैरे. मी ‘बरं बरं’ म्हणत असे. मोंढ्यात आवक वाढली तरी मी तेवढंच म्हणतो.

तिच्या हाताखाली केवळाबाई नावाची बाई आहे. हदगावकडची, सत्यम नावाच्या मुलासाठी आलेली. ती भाकरी थापते, उज्वला भाजीचं बघते. दाराशी ज्वारीची पोती. पोरांचे आईबाप गावाकडून धान्य आणून टाकतात. गावात जी ज्वारी पिकते तीच त्यांची पोरं खातात, फक्त तिच्यामागे सगळ्यांना लातूरला यावं लागतं.

आणि उज्वला! पदर खोचलेला, कानाशी फोन, मोकळ्या हाताने खुणा. कुणी चढ्या आवाजात बोललं तर नुसतं बघते. मी तिला उदगीरला असं बघताना पाहिलेलं नाही. की मी पाहिलं नाही?

घरमालक शिवप्पा खाली राहतात. पांढरा सदरा, कपाळाला विभूती. तिसरा मजला चढवलाय, चौथ्याच्या सळ्या वर काढून ठेवल्यात. मी वही काढून विचारलं, ‘परीक्षा झाली की बिल्डिंग रिकामी होत असेल?’

‘पोरांच्या रूमा रिकाम्या व्हतात. दोन महिन्यात नवे पोरं येत्यात.’

‘आणि आया?’

शिवप्पा हसले. ‘आया कुठं जातेत? एकदा शहराच्या नळाला सवय झाली की झाली. या गल्लीत बघा, पोरगं पुण्याला, इंजिनेर, आन् माय इथंच, पापडाचा धंदा टाकून.’

वहीत लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलंय.

त्यांच्या आई, दानम्मा, ओट्यावर बसून असतात. नातवंडं बंगळूरला. दोन्ही वेळेला उज्वलाकडची भाकरी खातात. मला पाहून अर्ध्या कानडीत म्हणाल्या, ‘ऊट आयतेन, जावई?’ — झालं, म्हणालो, जेवलो. जावई! म्हणजे हे उज्वलाचं माहेर ठरलं. कुणी ठरवलं, मला कुणी बोलावलं नव्हतं बैठकीला.

१२ डिसेंबर

विचारणार होतो. तिने डबा बांधून दिला. डबा हातात घेऊन असं काही विचारता येत नाही.

२० डिसेंबर

दोन भाग छापून आले. संपादक खूश. त्यांना दुसऱ्या भागातलं एक वाक्य आवडलं: शहर होणाऱ्या डॉक्टरांवर चालत नाही, न होणाऱ्यांवर चालतं. होणारा एक पुढे निघून जातो. बाकीचे पुन्हा एक वर्ष रूम घेतात, पुन्हा मेस लावतात, पुन्हा झेरॉक्स काढतात. वाक्य बरं आहे. लिहिलं तेव्हा दीपमाला डोळ्यांपुढे होती, तरी खोडलं नाही. 

३० डिसेंबर, सोमवार — वेळ अमावस्या

आज लातूर, उदगीर, सगळं बंद. संचारबंदी लावायची असेल तर प्रशासनाने आमच्याकडून शिकावं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सगळे आपापल्या शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात, बोलावलेला असो नसो. वर्षभर शहराने जी माणसं ओढून नेली ती एका दिवसापुरती परत मिळतात. एका दिवसाचीच मुदत.

दादाने कडब्याची कोप छान उभी केली होती. आत पांडवांचे पाच दगड, चुन्याने रंगवलेले. सिंधुवहिनी पहाटेपासून पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीच्या पातेल्याशी. बाजरीचे उंडे, आंबिलाचं मडकं. दादा आंबील शिंपडत शेताभोवती फिरला, ‘ओलगे ओलगे सालन पलगे’ म्हणत. याचा अर्थ मला संस्कृतात सापडलेला नाही, कन्नडमध्ये सापडत नाही म्हणतात, पण आमचं शेत तेवढं ऐकल्याशिवाय पिकत नाही हे खरं.

उज्वला आणि दीपमाला दहाच्या सुमाराला यायच्या होत्या. आला टेम्पो! त्यातून उतरली मेस. ज्यांना सुट्टीचं गावी जाणं परवडत नव्हतं ती सगळी पोरं, वर केवळाबाई, तिचा सत्यम, आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, दानम्मा!

मला वाटलं वहिनी आता फणकारणार. पण वहिनी म्हणाल्या, ‘येऊ दे की, भज्जी उरतीच आमची. घरचे माणसं राहिलेत कुठं खायाला?’ — आणि पंगत बसली. पोरांनी हरभऱ्याचे डहाळे ओरबाडले, एकाने मुळासकट झाड उपटून जीवशास्त्र तपासलं, दादा ओरडला, ‘ए डागदर! घाटे खा, झाड उपटू नको!’ कितीतरी दिवसांनी दादा ओरडला. ओरडायला माणसं लागतात.

दीपमाला गोठ्यात. कालवड व्याली होती, तिच्या वासराच्या बेंबीला हळद लावत बसली. पुस्तक उघडं, गवतावर पालथं.

मी उज्वलाला बांधापर्यंत नेलं. म्हणालो, ‘करडई बरी आलीय.’

‘हं.’

‘पुढच्या वर्षी तूही असशील आंबील शिंपायला. इथलीच.’

ती म्हणाली, ‘अहो, केवळाबाईला बोलवा ना जरा, पोरांची संख्या मोजायची हाय. एक कुठं विहिरीकडं गेलं तर काय घ्या!’

ऐकलं नाही की ऐकून बोलली नाही — हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ओळखता येत नाही.

निघताना ते घडलं. वहिनींनी उज्वलाला कोपीपाशी थांबवलं, पाटावर बसवलं, आणि तिची ओटी भरली. खण, हळकुंड, मूठभर हरभरा. उज्वलानेही पदर पसरला, वाकून नमस्कार केला, अगदी सराईत. टेम्पो गेला. मी तिथंच.

घरच्या सुनेची ओटी भरून कोण पाठवतं? ओटी भरतात ती आल्या-गेल्याची. लेकीची. पाहुणीची.

३१ डिसेंबर

वहिनींना फोन करून विचारलंच. त्या सहज म्हणाल्या, ‘भाऊजी, पाव्हणीसारखी आली, पाव्हणीसारखी गेली. मोकळ्या पदरानं कशी लावून देऊ?’

‘पण ती पाहुणी नाही, वहिनी.’

‘मग तुमी सांगा की तिला. मी का सांगू?’

बायकांना वाटतं तेवढं सोपं नसतं. मी मंत्र्याला विचारतो, कलेक्टरला विचारतो, बाजार समितीच्या सभापतीला तर उभं करून विचारतो. पेशाच विचारण्याचा. पण ज्या प्रश्नाचं उत्तर छापता येणार नाही तो मला विचारता येत नाही.

१४ जानेवारी

तिसरा भाग लिहायला बसलो. विषय: लातूरच्या आया. पुष्कळ लिहिलं. दूध कुठून येतं, गॅस किती जातो, एका पोरामागे किती जणांचं पोट शहरात हलतं. शिवप्पाचं नळाचं वाक्य वहीत समोर होतं. त्यावर एक रेघ ओढली. जागा कमी पडते. — कुणाला सांगतोय? जागा भरपूर होती.

शेवटी असं लिहिलं: ‘परीक्षा संपेल आणि या माता आपापल्या अंगणात परततील. त्यांचं शहर हे परीक्षेपुरतं बिऱ्हाड आहे.’ छान वाटलं. छापलं की खरं होतं, अशी एक अंधश्रद्धा आमच्या धंद्यात आहे.

१९ जानेवारी, रविवार

छापून आलं. बाराला उज्वलाचा फोन. मागे भाकरी थापल्याचा, भांड्यांचा आवाज.

‘वाचलं.’

‘कसं वाटलं?’

‘छान लिहिलंय. केवळाबाईला वाचून दाखवलं. दानम्मालाबी.’ मग, ‘शेवटचं कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘कुठलं शेवटचं?’

‘ते अंगणाचं. कुणाला इचारून लिहिलंत?’

मी म्हणालो, सर्वसाधारण निरीक्षण आहे. ती म्हणाली, ‘तूर काय भावानं गेली हे लिहायला मोंढ्यात जाताव न्हवं? मग?’ आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

दिवसभर काही वाचवेना.

२० जानेवारी

‘मग?’ — या एका शब्दावर रात्र गेली.

६ फेब्रुवारी

नांदेड. संपादकांची बैठक. पाचवा भाग शहरांच्या वाढीवर करा म्हणाले. कुठेही बघा, शेताच्या मधोमध कमान, कमानीवर ‘वृंदावन’, आत एक घर नाही. कापसाची पळकाटी अजून उभी. बापाने शेत विकायचं आणि त्याच्याच मुलाने तिथं हप्त्यावर प्लॉट घ्यायचा. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्याकडे उलटा घास म्हणतात.

स्टँडवर एक गृहस्थ जवळ आले. पागोटं, बगलेत बोचकं. ‘तुमी उज्वलाताईचे मालक ना? पेपरात फोटो बघितला. मी भगवानराव. केवळाबाई माझी मंडळी.’

बसवलं, चहा पाजला. हदगावचे. सोयाबीन, कापूस. म्हणालो, ‘मे महिन्यानंतर सुटका तुमची. सत्यमची परीक्षा झाली की केवळाबाई परत.’

त्यांनी बोचकं मांडीवर घेतलं. मग हळूच हसले. ‘साहेब, मी चाललोय लातूरला. शेत बटईनं लावून दिलं. उज्वलाताईनं बोलावलंय, डबे पोचवायला माणूस पाहिजे म्हणाल्या. मोटारसायकल येती मला.’

‘तुम्ही — डबे?’

‘का? गावात सकाळी उठून कुणाशी बोलत होतो मी? म्हशीसंगं. म्हैस बी ऐकंना आता.’ आणि मोठ्याने हसले, चहा सांडेपर्यंत.

लातूरच्या गाडीत चढले. खिडकीतून हात केला. मी देगलूरमार्गे उदगीरच्या गाडीत बसलो. गाडीत पूर्ण वेळ मनात एकच: ‘उज्वलाताईनं बोलावलंय.’ तिने त्यांना बोलावलं. त्यांना.

७ फेब्रुवारी

हे मी लिहायला नको, पण वही माझीच आहे. हेवा वाटला. एका डबेवाल्याचा.

३० मार्च — पाडवा

एकट्याने गुढी उभारली. वाकडी झाली. शेजारच्या अंबिकाकाकू पाहून गेल्या, म्हणाल्या, ‘गुढी बाईमाणसानं बघितली तर सरळ ऱ्हाती.’ दुपारी श्रीखंड आणलं, निम्मं फ्रीजमध्ये.

४ मे

परीक्षा. केंद्राबाहेर कडुलिंबाखाली आईबापांची जत्रा. सावलीला जागा धरण्यावरून दोघांत भांडण. आत पोरं, बाहेर आम्ही, परीक्षा दोन्हीकडे.

आज विचारायचंच, असं ठरवून आलो होतो. उज्वलाशेजारी सतरंजीवर बसलो. तिने बाटलीतलं ताक दिलं. जुनी आठवण निघाली, वांग्याच्या डब्याची, दोघं हसलो. आता योग्य क्षण आहे असं वाटलं. घसा साफ केला. ‘उज्वला, हे झालं की—’

तिचा फोन वाजला. जूनमध्ये दोन मुली पाठवायच्यात, अहमदपूरचे कुणी. ‘हो, हो, येऊ द्या. वरचा हॉल घेतलाय मी आता. जागा हाय.’

हॉल घेतलाय. जूनपासून.

फोन ठेवून म्हणाली, ‘काय म्हणत होताव?’

‘ताक छान झालंय.’

१४ जून

निकाल. दीपमालाला एमबीबीएस मिळण्याएवढे गुण नाहीत. मी घाबरत फोन केला. रडत असेल. न होणाऱ्यांत गेली!

रडत नव्हती. ‘बाबा, पशुवैद्यकीयला लागतंय हो! आपल्या उदगीरला! मला तेच पाहिजे होतं खरं म्हणजे, तुम्हाला सांगायचा धीर नव्हता.’

कालवडीच्या वासराची बेंबी! हे माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं आणि मी करडईकडे बघत होतो.

मग एकदम दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि खरं सांगायचं तर उठून उभा राहिलो. उदगीर! मुलगी उदगीरला. मग लातूरला कुणासाठी राहायचं?

२२ जून

स्वयंपाकघराला रंग. कुकरची रिंग बदलली. मळकं कॅलेंडर काढलं. दादा येऊन गेला, म्हणाला, ‘लगीन हाय का घरात?’

१७ ऑगस्ट

दीपमालाचं नाव लागलं. उदगीर. पेढे वाटले. मग लातूरची गाडी धरली, आणि वाटेत एकदाही वाक्य तयार केलं नाही. तयार वाक्यांनीच घात केलाय.

दुपारची पंगत उठून गेली होती. वरचा हॉल. ती कांदे सोलत बसलेली. जाऊन समोर बसलो आणि विचारलं. ‘तू परत येणार आहेस का?’

एवढंच होतं. आठ महिने लागले.

तिने कांदा खाली ठेवला. रागावली नाही. ‘आज इचारलंत,’ म्हणाली. ‘बरं झालं. मलाबी सांगायचं होतं, पण न इचारता काय सांगायचं?’ मग म्हणाली, ‘एक सांगा मला. उदगीरला दुपारी दोन ते संध्याकाळी सहा मी काय करत होते?’

मी विचार केला. आराम? टीव्ही? दळण? — खरंच माहीत नाही. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या दुपारी, आणि मला एकीचीही बातमी नाही.

‘मलाबी आठवत न्हाई,’ ती म्हणाली. ‘काहीच न्हवतं त्यात आठवण्यासारखं. तुम्ही वाईट न्हवताव हो. तुम्ही मोंढ्यात होताव. — इथं आता चार वाजता भाजी येती, पाचला केवळाबाई येती, दानम्माला चहा लागतो. मी येणार न्हाई. सणावाराला येत जाईन. वेळ अमावस्येला तर सगळी फौज घेऊन येईन.’

मी म्हणालो, ‘वहिनी पुन्हा ओटी भरतील.’

‘भरू द्या की. ओटीनं काय अंगाला भोकं पडतात?’

आणि हसली. मीही हसलो. मग तिने कांदे माझ्याकडे सरकवले. सोलले. डोळ्यांतून पाणी यायला निमित्त आयतंच होतं, त्याबद्दल कांद्यांचे आभार.

१८ ऑगस्ट

छापता आलं असतं तर छापलं असतं: दुरुस्ती. १९ जानेवारीच्या अंकात आमच्या वार्ताहराने दिलेली माहिती चुकीची होती.

२५ ऑगस्ट

असू दे. दीपमाला तर येतेय! घर रिकामं राहणार नाही. तिची खोली झाडली, टेबल खिडकीशी लावलं, नवी ट्यूबलाइट. सकाळी तिला डबा लागेल, म्हणून शेपू पुन्हा करून पाहिला. या वेळी करपला नाही. तिखट झाला, पण करपला नाही! आईविना लेक आणि बायकोविना बाप, दोघं मिळून एक घर चालेल. रंगवलेल्या भिंती वाया जाणार नाहीत.

अंबिकाकाकूंना सांगून टाकलं, पोरगी येतेय, येत जा अधूनमधून.

१ सप्टेंबर

दीपमाला आली. स्टँडवरूनच रिक्षाने कॉलेजकडे निघाली. म्हणालो, अगं घर या बाजूला!

‘होस्टेल मिळालं बाबा. तिथंच राहायचं असतंय, जनावरं रात्रीबेरात्री येतात.’ बॅगा चढवल्या, माझ्यासाठी सरकून जागा केली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

‘मग? तुम्ही लातूरला कधी जाताव?’